दीड फुटाचा मुळम

चेन्नईच्या आवडी उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समधल्या विद्युलताबाई खांबेटे कुणाच्याही भांडणात बिनबोलावता पडायच्या. शाळा दहावीपर्यंतच झालेली, पण ग्राहकाचे हक्क स्वतः वाचून पाठ केलेले. आणि पाठ केलेलं गप्प बसून पचतं थोडंच? रेशनवाला, गॅसवाला, रिक्षावाला त्यांना लांबून ओळखत. बाईंना ती कीर्ती वाटे. लोक वाट बदलत, एवढंच.

२००४च्या चैत्रात त्यांचा डोळा महिला मंडळाच्या अध्यक्षपदावर होता. निवड हळदीकुंकवाच्या दिवशी, हात वर करून. त्याआधी काहीतरी दणदणीत करून दाखवायला हवं होतं. तावडीत सापडली स्टेशनबाहेर मोगरा विकणारी अलमेलू.

चेन्नईत फुलांची माळ मुळमावर मिळते. मुळम म्हणजे आपला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हात अर्थात विकणारीचा. अलमेलू मुळातच बुटकी, त्यात माळ धरताना बोटं आत मुडपायची.

"दोन विती म्हणजे एक हात, अठरा इंच! दोन हातांचा एक वार!" बाई मोडक्या तमिळमध्ये कडाडल्या आणि पिशवीतून फूटपट्टी काढली. माळ भरली चौदा इंच. "चार इंच खाल्लेस!"

"अक्का, देवानं हात दिला तेवढाच दिला."

"आणि बोटं? तीही देवानंच दुमडली?"

बघे खो खो हसले. बाईंना आणखी चेव आला. "यापुढे पट्टीनं मोजायचं. दीड फूट. भाव तोच!"

अलमेलूनं पट्टीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "सरी अक्का. पट्टीनं."

इतक्या पटकन ती कबूल झाली याचा संशय यायला हवा होता. पण जिंकताना संशय घेत बसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

हळदीकुंकवाला मंडळाचे सगळे गजरे अलमेलूकडून आले. बाईंनी भर सभेत एकेक मोजला. अठरा इंच, सूतभर कमी नाही. मग हक्कांवर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षपद जवळजवळ पदरात!

तेवढ्यात शेजारच्या विजयलक्ष्मीनं, तंजावरकडच्या मराठी घरातली ती, आपला गजरा उजेडात धरला. "लता, यात फूल शोधायचं कसं गं?"

चौदा इंचांतली फुलं अलमेलूनं अठरा इंचांत पसरली होती. दोन फुलं, मग बोटभर नुसता दोरा. दात पडलेल्या आजीबाईचं हसू जसं. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

बाई तशाच जरीच्या साडीत स्टेशनवर धावल्या. "फुलं कुठं गेली?"

"तुम्ही लांबी मागितली अक्का, लांबी दिली. फुलं मागितली होती?"

खरं तर इथे घरी परतायचं. पण माघार घेतील त्या विद्युलताबाई कसल्या! त्या फुटपाथवर फतकल मारून बसल्या. वीतभर माळेत किती फुलं हवीत, यावर घासाघीस सुरू झाली. अलमेलू दहावर अडून, बाई वीसवर. दोघींचे घसे बसले तेव्हा चौदावर तह झाला.

विजयी मुद्रेनं परतल्या तर सतरंज्या गुंडाळणं चाललेलं. हात वर होऊनही गेले होते. अध्यक्ष, विजयलक्ष्मी.

"रागवू नोको लता," ती म्हणाली, "थांबलो होतो, पण दिवेलागण झाली. तुझ्याकडे फुलांचं काम ठेवलंय. अलमेलूशी दुसरं कोण भांडणार?"

"असली हमाली मी करत नसते!" बाई फणकारल्या आणि तरातरा दारापर्यंत गेल्या. तिथे थबकून, मागे न बघता, त्यांनी विचारलं, "कधीपासून?"