भिंतीतली बाई

रंगकामाच्या धंद्यात त्याला सगळे घासू म्हणत. बाकीचे रंगारी गुळगुळीत ऑइल पेंटवर सरळ नव्या रंगाचा हात मारून मोकळे होत आणि वर्षभरात पोपडे सुटले की ओलीच्या नावानं खडे फोडत. हा मात्र आधी पॉलिश पेपर घेऊन बसायचा. जुनी चकाकी पार मेल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. घरमालक कुरकुरत, पण घासूनं दिलेला रंग कधी सुटला नाही. भिंतींच्या बाबतीत एवढी चिकाटी असलेला हा गडी माणसांच्या बाबतीत मात्र भारी उतावळा होता.

आईच्या खोलीला ऑइल पेंट त्यानंच दिला होता. म्हातारीचं भान सुटत चाललं होतं, खरकटे हात भिंतीला पुसायची; ओल्या फडक्यानं पुसता येईल अशी भिंत बरी. पण त्या चकचकीत भिंतीत आईला एक बाई दिसू लागली. ही खाटेवर बसली की समोर तीही बसलेली. मग काय, तोंडाला तोंड! "सटवे, माझ्या घरात काय करतेस?" म्हणून भिंतीवर थापा. घासू संध्याकाळी थकून यायचा तो हेच ऐकत. आईला त्या बाईची भीती वाटते, असं तो धरून चालला. आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. तिच्या बाकी कुठल्या दुखण्यावर त्याचा इलाज चालत नव्हता, हे तरी हातातलं होतं.

त्यानं खाडे केले. आईला बाहेरच्या खोलीत बसवलं. सोड्याच्या पाण्यानं भिंत धुऊन तेलकटपणा काढला, मग घासायला घेतली. दिवा तिरका धरून बघायचा, कुठं चमक दिसली की पुन्हा कागद. वर प्रायमर, त्यावर बिनचकाकीच्या मॅट रंगाचे दोन हात. भिंत खडूसारखी कोरडी झाली. आयुष्यात इतकं चोख काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

आई खोलीत परतली. भिंतीवरून तळवा फिरवत राहिली. शिवी नाही, थाप नाही. घासूला हायसं वाटलं. जेवण आलं, तिनं ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"आईला भूक का लागत नाही?" त्यानं बायकोला विचारलं.

"एकट्या कधी जेवत होत्या त्या? भांडायच्या, पण पहिला घास भिंतीला दाखवल्याशिवाय तोंडात घालायच्या नाहीत. 'गिळ गं भवाने, किती वाळलीस' म्हणायच्या. दुपारभर गप्पा चालायच्या दोघींच्या."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

घासूनं आरसा आणून आईसमोर धरला. तिनं तो बाजूला सारला. "आरसा आहे हा. मला काय खुळी समजतोस?" आरशात सुरकुतलेली म्हातारी होती. भिंतीतल्या पुसट बाईच्या तोंडावर एकही सुरकुती नव्हती. हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

दुकान गाठून तो ऑइल पेंटचा डबा घेऊन आला. खोलीत बसून झाकण उचकटलं, तोच आईनं त्याचं मनगट धरलं. पकडीत जोर उरला नव्हता.

"मेल्या, आता आणखी काय पुसायला आलास?"

"पुसत नाही गं आई. तिला परत आणतोय."

"आई कुणाला म्हणतोस? माझा मुलगा रंगारी आहे. तो दिवसभर लोकांच्या घरी राबतो, म्हणून तुझ्यासारख्यांचं फावतं. तो घरात असता तर तिला बोट लावू दिलं नसतं त्यानं."

घासूनं डब्यावर झाकण ठेवलं. तो म्हणाला, "कधी येणार तुमचा मुलगा?"

"येईल संध्याकाळी," म्हातारी म्हणाली. तिनं ताट आणखी लांब सरकवलं आणि दाराकडे डोळे लावून बसली. "तो येईपर्यंत मी जेवायची नाही."