भट्टीकडे पाठ करून

आमच्या गल्लीत घड्याळ बघून पाव आणायला कुणी कधी गेलं नाही. वास आला की पिशवी घ्यायची आणि जिना उतरायचा. समोरच्या भट्टीतून तो वास यायचा, आणि भट्टी होती वहिनींची. त्या खऱ्या वहिनी एकाच माणसाच्या, आपल्या धाकट्या दिराच्या. पण पोस्टमनपासून चर्चच्या फादरांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या भट्टीच्या खोलीसमोर आहे. मधे जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी वाट. त्यामुळे त्यांच्याकडचं बोलणं ऐकू येऊ नये अशी माझी कितीही इच्छा असती, तरी ते आलंच असतं.

त्या घरात एक नियम होता. पाव आत सरकवून भट्टीचं लोखंडी दार लावलं, की मधे उघडून बघायचं नाही. नियम घालून दिलेला सासूबाईंचा. आत कोंडलेली वाफ पावाला फुगवते. दार उघडलं की ती निसटते आणि पाव बसतो. "डोकावणाऱ्या बाईचा पाव आणि कान भरणाऱ्या बाईचा संसार, दोन्ही खाली बसतात," असं सासूबाई सांगत. मग पाव झाला हे कळायचं कसं? नाकानं. वहिनी दार लावत, भट्टीकडे पाठ करून उभ्या राहत, हात जुळवत आणि आपली प्रार्थना सुरू करत. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' इथवर आल्या, की त्यांचे यजमान पीठ मळता मळता मान वर न करता म्हणत, "भाकर काय मागतेस? देवाला वाटेल हिचा पाव खपत नाही." वहिनी हसू दाबून प्रार्थना पुरी करत. मग एका क्षणी नाक किंचित वर जाई, "झालं" म्हणत आणि वळत. पाव नेहमी नेमका झालेला असे. लाकूड ओलं असो, वारा उलटा असो, त्यांचं नाक चुकलं नाही.

मग तापाची साथ आली. नवरा-बायको दोघांना एकाच दिवशी इस्पितळात नेलं. वहिनी परत आल्या. ते आले नाहीत.

सासूबाईंचे गुडघे त्याआधीच गेले होते. त्या मागच्या खोलीत खाटेवर असत आणि तिथूनच सगळ्या घरावर हुकूम चालवत. मुलाच्या बातमीनंतर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी इस्पितळातून आल्या तेव्हा दंडाला धरून मीच त्यांना आत नेलं. म्हातारीनं भिंतीकडे बघतच म्हटलं, "एक परत पाठवायचं होतं, तर देवानं चुकीचं पाठवलं."

खाटेजवळचा पाण्याचा तांब्या रिकामा होता, तो वहिनींनी भरून ठेवला आणि त्या बाहेर आल्या.

अंगात थोडं बळ आल्यावर त्यांनी भट्टी पेटवली. आता मळणंही त्यांच्याच हाताला आलं होतं. पाव आत सरकवले, दार लावलं, पाठ केली, प्रार्थना सुरू केली. मी खिडकीत उभी होते. गल्लीत पुन्हा तो वास येणार म्हणून मनातून खूश होते. वास आला. पाव घ्यायला दोघं-तिघं उतरलेही. वहिनी मात्र हात जोडून उभ्याच. वास करपट झाला, दाराच्या फटीतून धूर निघाला, तरी उभ्याच. मी हाक मारणार तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला, "अगं बये, जळलं! नाक गहाण टाकून आलीस का?"

वहिनींनी दार उघडलं. आत कोळसा. त्यांनी एक पाव उचलून नाकाशी धरला, अगदी ओठांना काजळी लागेपर्यंत, आणि माझ्या खिडकीकडे बघितलं.

"काकू," त्या म्हणाल्या, "मला काहीच येत नाहीये."

ताप जाताना वासही घेऊन गेला होता, आणि चवही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाही येणार कदाचित. म्हणजे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, एवढं त्यांनी सरळ सांगितलं.

त्यानंतर वहिनींनी सगळं करून पाहिलं. गजराचं घड्याळ आणलं. पण ती भट्टी जुनी, विटांची, रोज वेगळ्या मिजाशीची. काल बरोबर आलेली वेळ आज चुकायची. मग त्या दार उघडून डोकावू लागल्या. पाव बसू लागले, वरून पांढरे आणि आत गच्च. आम्ही शेजारी गुपचूप घेत होतो. पण शेजाऱ्यांच्या दयेवर भट्टी किती दिवस चालणार?

एका संध्याकाळी फादर पाव घ्यायला आले. वहिनींनी त्यांना दारातच धरलं.

"फादर, मी रोज नाक मागते. दुसरं काही नाही. नवरा मागितला नाही, तो तुम्ही पुरलात, मी पाहिलं. नुसतं नाक. एवढंही देवाला जड आहे?"

फादरांना पडसं झालं होतं. त्यांनी रुमाल काढला. "जड नसावं," ते म्हणाले. "का देत नाही ते मला माहीत नाही, वहिनी. माहीत आहे असं म्हटलं तर ते पापात जाईल. तुम्ही मागत राहा. आणि तो कुठल्या दारानं देतो यावर लक्ष ठेवा. तो आपल्या दारानं येतोच असं नाही."

"मागच्या दारानं आला तर सासूबाई आत घेणार नाहीत," वहिनी म्हणाल्या. दोघं हसले. खूप दिवसांनी मी त्यांना हसताना ऐकलं.

धाकट्या दिराचं बाजारात नळाच्या सामानाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा. एक दिवस तो आला आणि भट्टीच्या खोलीत उभा राहून भिंती मोजाव्यात तसा बघू लागला.

"वहिनी, स्पष्ट बोलतो. नाकच नाही तर भट्टी कशाला? खोली मला गोदामाला द्या. आई माझ्याकडे येईल, तुम्ही दुकानात बसा. उपाशी तर ठेवणार नाही ना मी?"

"उपाशी नाही ठेवणार, भावोजी. पण बसवून ठेवाल."

"बसणं काय वाईट आहे? सगळं जग बसायला धडपडतंय."

वहिनींनी थोडा वेळ मागितला. चर्चमध्ये मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा, उपाशीपोटी पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याचा, रविवार जवळ आला होता. त्या सकाळची न्याहारी दरवर्षी याच भट्टीतून जात असे आणि फादरांनी यंदाही काही न विचारता सांगून ठेवलं होतं. "ती न्याहारी निभली तर भट्टी राहील," वहिनी म्हणाल्या. "नाही निभली तर किल्ली तुमच्या हातात."

दीर गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. स्टुलावर बसल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत राहिल्या.

"काकू, त्या दिवशी पाव जळला तेव्हा सगळ्यात आधी कुणाला कळलं?"

"सासूबाईंना."

"मधे दोन भिंती. तोंड भिंतीकडे." त्यांनी गाठ सोडली. "मी देवाकडे नाक मागत होते. त्यानं केव्हाच देऊन ठेवलंय, पण कुणाच्या तोंडावर ते बघा."

"मग विचार की त्यांना."

"देवाकडे मागणं सोपं आहे हो," त्या म्हणाल्या. "तो निदान टोमणा मारत नाही."

तरी त्यांनी विचारलं. खिडकी उघडी होती. वहिनींचा आवाज खालचा होता, म्हातारीचा नव्हता.

"माझा मुलगा आणून दे," म्हातारी म्हणाली. "मग हवा तेवढा वास घेते."

मला वाटलं, वहिनी उठून गेल्या. मग त्यांचा आवाज आला. "आई, तुम्ही म्हणालात देवानं चुकीचं माणूस पाठवलं. मीही तसंच म्हणत होते, इस्पितळात. पण पाठवलंय ना. आता आहे त्या माणसाचं काय करायचं, ते तुम्ही सांगा. दोन्ही खोल्यांची दारं मी उघडी ठेवीन. तुम्ही हाक मारलीत तर मारलीत."

त्या रविवारी टोपल्या भरायला मी गेले होते. दीरही आला होता, चर्चचे कपडे घालून, किल्लीची वाट बघत असावा. वहिनींचे डोळे सुजले होते, पण हात स्थिर होते. त्यांनी लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवले, दार लावलं, खिट्टी घातली. गजराचं घड्याळ कोनाड्यात होतं, ते उचलून पालथं ठेवलं. मग भट्टीकडे पाठ केली आणि हात जुळवले.

मागची खोली शांत होती. दारं सताड उघडी. म्हातारीची पाठ मला दिसत होती. वहिनींची प्रार्थना संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मला वास येऊ लागला होता, पण मला काय कळतंय? माझं नाक पाव खाणारीचं, भाजणारीचं नाही. दिराची चुळबुळ सुरू झाली.

"वहिनी, बघा तरी."

वहिनींनी मान हलवली.

"अहो, करपतील! मुलं उपाशी येणार आहेत चर्चमधून. हा काय हट्ट? मी उघडतो."

तो पुढे झाला. वहिनी हलल्या नाहीत. डोळे घट्ट मिटून घेतले एवढंच. त्यानं खिट्टीला हात घातला आणि मागच्या खोलीतून असा आवाज आला, की माझ्या हातची टोपली पडली.

"हात लावशील तर बघ! नळ विकणारा तू, तुला काय कळतं? कच्चं आहे अजून!"

दीर विजेचा झटका बसल्यासारखा मागे सरला. म्हातारीनं तोंड वळवलं नव्हतं. पण आता ती मोठ्यानं श्वास घेत होती, मला ऐकू येत होतं. एकदा, परत एकदा. वहिनींच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"थांब," म्हातारी म्हणाली. मग, "थांब जरा." आणि मग, अगदी साध्या, रोजच्या आवाजात, "काढ."

वहिनी वळल्या. इतके देखणे पाव मी त्या भट्टीतून पूर्वीही पाहिले नव्हते. दिरानं कोटाच्या बाह्या वर केल्या आणि टोपल्या उचलल्या.

मुलांनी ते पाव जॅम लावून फस्त केले. आम्ही परतलो तर म्हातारी खाटेवर टेकून बसली होती, तोंड दाराकडे, हातात अर्धा पाव.

"मीठ कुठंय?" तिनं विचारलं.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. चवच कळत नसल्यानं पीठ चाखून बघायची सवय सुटली होती, आणि त्या दिवशीच्या धास्तीत मीठ घालायचंच राहून गेलं होतं. सगळ्या पावांत मिठाचा कण नव्हता.

"इतकी रडलीस सकाळी," म्हातारी म्हणाली, "परातीवर वाकून रडायचं होतंस. भागलं असतं."

आधी दीर हसला. मग मी. मग वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या, आणि म्हातारीनं उरलेला पाव, अळणी असूनही, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. फादरांनी पुढच्या रविवारी 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' या येशूच्या वचनावर प्रवचन दिलं आणि सगळ्यांदेखत वहिनींकडे बघितलं. वहिनींनीही बेधडक त्यांच्याकडे बघितलं.

किल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही. दिरानंच खाट मागच्या खोलीतून भट्टीजवळ आणून ठेवली. त्या दिवसापासून पीठ म्हातारीच्या जिभेवर पास झाल्याशिवाय आत जात नाही, आणि तिनं "काढ" म्हटल्याशिवाय बाहेर येत नाही. दोघींची भांडणं थांबली असं कुणी समजू नये. ती आता जवळून होतात, त्यामुळे मला शब्द नीट ऐकू येतात.

दुःख गेलं असंही नाही. यजमानांच्या परातीत पीठ मळताना वहिनी कधीकधी थांबतात आणि तशाच उभ्या राहतात. मी एकदा त्यांना विचारलं, देवावरचा राग गेला का. त्या म्हणाल्या, "राग आहे थोडा. पण काकू, दार लावल्यावर आत काय चाललंय ते कुणाला दिसतं? तरी आपण खालून लाकूड घालतोच ना."

गेल्या वर्षी त्या माझ्याकडे साखर घ्यायला आल्या आणि बोलता बोलता सहज म्हणाल्या, "काकू, परवा आईंच्या गुडघ्यांना तेल लावत होते. निलगिरीचा वास आला." मी उडालेच. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आता जवळजवळ सगळे वास येतात, म्हणाल्या, पावाचाही.

पण भट्टीचं दार लावलं की त्या अजून पाठ करून उभ्या राहतात, प्रार्थना म्हणतात आणि शेवटी विचारतात, "आई, झालं का?" म्हातारी नाक वर करते. आता तिचं वय फार झालंय आणि नाकही पूर्वीचं राहिलेलं नाही. कधीकधी ती जरा लवकरच "काढ" म्हणते. वहिनींना ते कळतं. मला खिडकीतून दिसतं, खिट्टीवरचा त्यांचा हात किंचित थांबतो. मग त्या काढतात.

आजचा पाव मधे थोडा कच्चा होता. मी तव्यावर शेकून खाल्ला.