खुर्चीत बसेल त्याचं खरं

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली 'होयबा' म्हणते, आणि तोंडावर म्हणते. त्यालाही हे हो म्हणतात. ह्यांचं सलून आहे, एका व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात सदा खरखरणारा रेडिओ. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "पावसानं नुसता वैताग आणलाय," की हे म्हणणार, "वैताग म्हणजे काय साहेब, विचारूच नका." ते उठून दुसरं बसलं आणि म्हणालं, "पाऊस हवाच हो," की लगेच, "हवाच साहेब, त्याशिवाय जग कसं चालेल?" कात्री तीच, तोंड तेच, आणि मनात काही खंत म्हणाल तर नाव नको.

ही माझ्या सासऱ्यांची शिकवण. ज्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की माणूस तावातावानं मान हलवतो, आणि मान हलली की संपलंच. धंद्याच्या दृष्टीनं सोन्यासारखा नियम. उभ्या आयुष्यात ह्यांच्या हातून कुणाला साधा ओरखडा उठला नाही. पण हा माणूस दुकान बंद करून घरी येतो तेव्हा नियम तिथेच ठेवून येत नाही ना!

तर झालं असं. इमारतीचा मॅनेजर म्हणजे एक मोठं प्रस्थ. झुबकेदार मिशी, म्हणून सगळे त्याला मिशाळ म्हणतात. दर आठवड्याला ती मिशी कोरून घ्यायला आमच्याकडेच येतो. त्यानं दुकानांसमोरची फरशी उखडली, खाली पाइप फुटला होता म्हणून. गुडघाभर खड्डा झाला, मजूर अर्धं काम टाकून पसार झाले, आणि त्याच दिवशी रिकामा गाळा बघायला कुणी बडी मंडळी यायची होती. शहाण्यानं काय करावं? खड्ड्याभोवती दोरी बांधावी? एखादी पाटी लावावी? छे! लाल गालिचा अंथरला. लोक पाहुण्यांसाठी गालिचा अंथरतात, ह्यानं खड्ड्याची लाज झाकायला अंथरला.

बडी मंडळी आलीच नाहीत. आमचे हे मात्र दोन दिवस गावाला जाऊन आलेले, खड्ड्याचा पत्ताच नाही; शटर उघडायला गेले आणि गालिच्यासकट आत गेले. उजवा हात फुटक्या फरशीच्या धारेवर पडला आणि अंगठा वळवणारी आतली शीर तुटली. वर काढताना हातातून रक्ताची धार, आणि मिशाळ विचारतोय, "अहो, खाली बघून चालायला काय होतं?" तर आमचे हे काय म्हणाले असतील? "माझंच चुकलं साहेब."

टाके घातले, ते टिकले नाहीत. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, मोठ्या इस्पितळात आणखी एक ऑपरेशन लवकर करा, नाहीतर अंगठा आहे तसाच ताठ राहील. आणि ताठ अंगठ्यानं कात्री धरता येते का? करून बघा. ऑपरेशनला पैसा लागणार होता आणि तो आमच्याकडे नव्हता. म्हणून मी ह्यांना ओढत वकीलबाईंकडे नेलं.

बाई शांत, समजूतदार. म्हणाल्या, "हे बघा, आपल्या जागेत येणाऱ्या-जाणाऱ्याला इजा होऊ नये एवढी काळजी जागेवाल्यानं घ्यायलाच हवी. त्यानं ती घेतली नाही. तुमची इजा त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाली, दुसऱ्या कशानं नाही. आणि त्या इजेमुळे तुमची कमाई बुडाली, खर्च वाढला. एवढं सगळं आपण कोर्टात सिद्ध करायचं. सिद्ध करायचं ओझं आपल्यावर, त्यांच्यावर नाही."

मला लख्ख कळलं. मी वाटेत उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं आणि शेजारणीचं लेकरू भाजलं, तर 'त्यानं बघून का नाही चाललं' म्हणायला मला तोंड राहील का?

"पण एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "तुमचीही थोडी चूक होती असं ठरलं, तर तेवढी भरपाई कापली जाते. तेव्हा डॉक्टरांचे कागद जपून ठेवा, खड्ड्याचे फोटो द्या, आणि निकाल लागेपर्यंत चूक कुणाची ह्यावर कुणाशी एक अक्षर बोलू नका."

"हो मॅडम," हे म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

अहो, सलूनमध्ये गप्प! माशाला सांगा पोहू नकोस. धाकटे दीर ह्यांच्या जागी कात्री चालवायला उभे राहिले आणि हे हाताला पट्टी बांधून शेजारी स्टुलावर. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जन्मजात न्यायाधीश. एकजण म्हणाला, "चप्पल झिजली असेल." "झिजलेलीच होती साहेब." दुसरा म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला असणार." "वाढलाच असणार." नव्याकोऱ्या चपला मी स्वतः आणल्या होत्या, आणि चष्मा ह्यांना लागतच नाही!

एक दिवस मी डबा घेऊन गेले तर खुर्चीत कोण? मिशाळ! नोटीस हातात पडलेली, तरी निर्लज्जपणे मिशी कोरून घेतोय. वर म्हणतो, "झालं गेलं विसरा. पण खरं सांगा, तुम्हीही तंद्रीत होता की नाही?"

"तंद्रीतच होतो साहेब."

दुसऱ्या खुर्चीतल्या माणसानं वर्तमानपत्र खाली केलं आणि नीट ऐकून घेतलं. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "अहो, त्याच्यावर दावा लावलाय आपण! तो शत्रू आहे!"

"हो गं," हे म्हणाले, "पण खुर्चीत बसला होता ना."

मग मी तालीम सुरू केली. काळी शाल पांघरून मी झाले समोरचा वकील. "तुम्ही तंद्रीत होता, हे खरं आहे का?" "नाही." "गालिच्याखाली खड्डा आहे हे तुम्हाला माहीत होतं?" "अजिबात नाही." शाब्बास! मला तर गहिवरून आलं. मग पाय दुखले म्हणून मी खुर्चीत टेकले आणि सहज विचारलं, "म्हणजे चूक तुमची नव्हती ना? की होती थोडीशी?"

"होती थोडीशी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठले, विचारलं, तर नाही. बसले, विचारलं, तर हो. उठाबशा काढून माझे गुडघे गेले, उत्तरं काही बदलली नाहीत. वकीलबाईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "काळजी करू नका. कोर्टात वकील उभा राहूनच प्रश्न विचारतो."

तारीख आली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. समोरचा वकील उठला. पिकलेले केस, हातात काठी. न्यायाधीशांना म्हणाला, "गुडघ्यांनी दगा दिलाय साहेब, बसून प्रश्न विचारायची परवानगी मिळावी." मिळाली. शिपायानं खुर्ची आणून दिली. म्हातारा तिच्यात ऐसपैस बसला, मान मागे टेकवली, गळा वर केला. तिथेच मी ओळखलं, आटोपला कारभार.

"गालिचा लालभडक होता, नजरेत भरणारा?"

"हो साहेब."

"मधे खचलेला दिसत होता?"

"दिसत होता साहेब."

"तुम्ही तंद्रीत होता?"

"होतो साहेब."

"आणि हात आता बराच बरा आहे?"

"बरा आहे साहेब," असं म्हणून ह्यांनी तो ताठ अंगठा पाठीमागे लपवला. मागच्या बाकावर मिशाळ मिशीतल्या मिशीत हसत होता.

आमच्या वकीलबाई ताडकन उठल्या. "गालिचा खचलेला दिसत होता, तर त्यावर पाय का टाकलात?"

बाई उभ्या होत्या, म्हणून खरं बाहेर आलं. "दिसत नव्हता हो मॅडम. सपाट होता."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "मग मघाशी हो का म्हणालात?"

न्यायाधीश बसलेले.

"चुकलंच साहेब."

निकाल लागला. खड्ड्यावर गालिचा टाकणं हा इमारतवाल्यांचा निष्काळजीपणा, असं कोर्टानं स्वच्छ म्हटलं. पण दावा लावणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं आपली चूक कबूल केलीय, तेव्हा निम्मा दोष त्याचा आणि निम्मी भरपाई कापली. म्हणजे खड्डा खणला त्यांनी, झाकला त्यांनी, आणि निम्मा आमच्या नावावर! कोर्टाला नावं ठेवायला माझी जीभ शिवशिवते, पण ठेवू कशी? त्यांच्यासमोर माणूस हो म्हणाला, त्यांनी ते लिहून घेतलं.

उरलेल्या पैशात ऑपरेशन होईना. इकडून तिकडून जमवाजमव करून शेवटी गेलो, तर डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, वळवून पाहिला आणि म्हणाले, आता उपयोग नाही, उशीर झाला. हे म्हणाले, "बरोबर आहे साहेब."

आता खुर्चीमागे दीर उभे असतात. हे गिऱ्हाइकांच्या अंगावर कापड टाकतात, खाली पडलेले केस झाडतात आणि सगळ्यांना हो म्हणतात. गिऱ्हाइकं खूश आहेत.

सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं मीच लावते, ह्यांना जमत नाही. परवा बटणं लावता लावता माझा बांध फुटला. म्हटलं, "इथे कोर्ट नाही, वकील नाही, मिशाळ नाही. मला एकदाच सांगा, चूक कुणाची होती?"

ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय हे आरशात बघून ताडतात, तसंच.

"तू म्हणशील त्याची," हे म्हणाले.

मी रडले. हो, ढसाढसा रडले, त्यात लाज कसली? ह्यांनी डाव्या हातानं माझे डोळे पुसले, आणि मग उरलेली बटणं लावून मी ह्यांना दुकानात पाठवलं.