पात्यांची सावली

परदेशात, पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात मी इंटर्न होते. नवव्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नसत, आणि समोरच्या पडद्यावर ऑस्ट्रेलियातल्या शेतांमधल्या पवनचक्क्या फिरत. मी त्या प्रत्यक्ष कधीच पाहिल्या नाहीत. तिथल्या लोकांच्या तक्रारींचे फोन घेणं, एवढंच माझं काम.

एका सकाळी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. चक्की शेजाऱ्याच्या शेतात. पण सकाळचं कोवळं ऊन पडलं की पात्यांची सावली यांच्या खोलीत भिंतभर फिरते. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलेलं, त्याला गरगरतं. म्हणून त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. सकाळी तासभर ती एक चक्की थांबवाल का?

मी म्हणाले, "होईल, काळजी करू नका."

आमच्याकडे आजारी माणसाच्या घरच्यांना असंच म्हणतात. वडील दवाखान्यात होते तेव्हा आम्हालाही सगळे तेच म्हणत, आणि ते वचन आहे असं आम्ही कधी धरलं नाही. बाईंनी धरलं. चार दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. "तू म्हणालीस म्हणून दोन माणसं बोलावून पलंग खिडकीशी आणला. सावली येतेच आहे."

मी सरांना सांगितलं. सर पुण्याचे.

"होईल म्हणालीस? तू काय वायुदेव आहेस का गं? त्या परवानगीला महिने लागतात. 'समाधान झालं' असं लिही आणि तक्रार बंद कर."

"पण सर, झालेलं नाही."

"शुक्रवारी तुझ्या कागदावर सही कोण करणारे?"

सही नाही तर इंटर्नशिप नाही, इंटर्नशिप नाही तर पदवी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दोन दिवस जाता-येता MRT मेट्रोमध्ये बसून मी एक वाक्य जुळवत होते, ज्यात खरंही राहील आणि सहीही. सापडलं नाही.

गुरुवारी, सर समोरच डबा खात असताना, मी फोन लावला. "मला चक्की थांबवता येत नाही. तेव्हाही येत नव्हती. मी उगाच हो म्हणाले. पलंग परत हलवा."

 मग त्या म्हणाल्या, "माणसं शनिवारी येतील. तोवर खिडकीला घोंगडी लावते." आणि मग, "मी तुमच्या कंपनीत वर लिहिणार आहे. आधी कोणी कबूल केलं होतं म्हणून लिहू?"

सरांनी चमचा खाली ठेवला.

मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, त्यांना नीट लिहून घेता यावं म्हणून.