हात लावून बघितलंस का?

चुन्यापायी बाबांची नोकरी जायची वेळ आली होती.

निजामाचं राज्य. परभणीच्या शाळेत शिकवणं उर्दूत, आणि बाबा इंग्रजीचे मास्तर.

वर्तमानपत्र काढायला सरकारी परवानगी लागे. म्हणून बाबा मुलांनी लिहिलेल्या बातम्या वर्गाच्या भिंतीवर चिकटवत. कुणी विचारलं तर म्हणत, "इंग्लिश कॉम्पोझिशन आहे."

नियम एकच. स्वतः पाहिल्याशिवाय बातमी नाही.

इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार म्हणून शाळेला चुना लागला. फक्त रस्त्याकडच्या बाजूला.

वर्गातल्या सोनपेठच्या दत्ताने तेच लिहून आणलं.

"हात लावून बघितलंस का?" बाबांनी विचारलं.

"बघितलं की सर. मागं बोर्डिंगच्या चुलीची काजळी हाय." त्याने काळा तळवा पुढे केला.

बातमी भिंतीवर लागली. हेडमास्तर धावत आले.

"काढा ते! तुमी घरी जाताल अन् मला बी नेताल!"

"खोटी असेल तर काढतो," बाबा म्हणाले.

तेवढ्यात साहेबच वर्गात आले. त्यांनी ती वाचली.

"मास्टरसाब, ये लड़का सच लिख्या?"

"आप हात लगा के देख लीजिए, साब."

साहेब मागे गेले.

परतले ते रुमालाला बोटं पुसत.

"खबर सही है. हेडमास्टरसाब, पीछे भी चूना लगाओ." मग दाराशी थांबून, "और लड़के की अंग्रेजी?"

"उसमें दो गलतियाँ हैं, साब."

साहेब हसले. कागद भिंतीवर राहिला, बाबा शाळेत.

पुढे बाबा कॉलेजात प्रोफेसर झाले. तिथेही मुलांसाठी एक भिंत त्यांनी मिळवलीच.

दत्ताकाकांनी सोनपेठला साप्ताहिक काढलं. दर दसऱ्याला सोनं द्यायला येत आणि हीच गोष्ट सांगत. दोन चुकांचा भाग गाळून. तो बाबा जोडत.

मी कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टर म्हणायच्या, "डोन्ट टच." घरी बाबा म्हणायचे, "हात लावून बघ." माझं बालपण मजेत गेलं.

बाबा गेले तेव्हा मी दत्ताकाकांना फोन केला. ते दुपारच्या एसटीने आले.

"काका, या वयात उन्हाचं कशाला आलात? मी सगळं सांगितलं होतं ना फोनवर."

"बघितल्याबिगर कसं छापू, बाई?"

मग बाबांच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले.

आज बाबांचा स्मृतिदिन.

बाबा, शाळेचा भाग ऐकीव आहे, तेवढा चालवून घ्या. बाकी सगळं मी स्वतः पाहिलंय.

नमस्कार करते.