बाबांची थंडी

आमच्या बाबांना थंडी सगळ्या नागपूरच्या आधी वाजायची. दसऱ्याचं सोनं वाटून माणसं घरी पोचत नाहीत, तोच ते ओट्यावर उभे राहून वर बघत आणि म्हणत, "औंदा काही खरं नाई बाप्पा." आभाळात तोवर ऊन असे. दिवाळीला कानटोपी निघे, कार्तिकात मफलर, आणि मार्गशीर्ष लागला की लाल फलालीनची बंडी. ती एकदा अंगात गेली की होळीलाच निघायची.

उन्हाळ्यात ते उन्हाला नावं ठेवत, पावसाळ्यात दमट हवेला, पण ते आपलं वरवरचं. मन लावून तक्रार करायची ती थंडीचीच. सदरमधल्या कचेरीत ते कारकून होते. तिथला गोरा साहेब भर पौषात नुसत्या सदऱ्यावर घोडा फिरवतो, याचा बाबांना मनस्वी राग होता. "त्याले थंडीतूनच आणलं हाय," ते म्हणत. "आपन काय पाप केलं?"

सकाळी गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटे. तिथे हवेला शिव्या देणाऱ्यांची बैठकच असायची, आणि बाबा तिचे न नेमलेले अध्यक्ष. कोणी म्हणे रामटेककडून वारा सुटला, कोणी म्हणे संत्र्याच्या बागा करपणार. बाबा सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी आपली थंडी सगळ्यांपेक्षा मोठी कशी ते सांगत.

आईला थंडी वाजत नसे. निदान वाजते असं ती कधी म्हणाली नाही. पहाटे उठून गार पाण्यात हात घालायचे, चूल पेटवायची, बाबांसाठी हंडाभर पाणी तापवायचं, हे तिचं काम. बाबा गोधडीतूनच कण्हायला लागले की ती चुलीपासून म्हणे, "वाजली म्हनून काय पानी आपोआप तापनार हाय का जी?" बाबा गप्प बसत, पण पाणी अंगावर घेताना पुन्हा सुरू होत. आम्हाला त्या आवाजानेच सकाळ झालेली कळे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना, इतक्या वर्षांनी, मला भाऊ झाला. बाबांचा तर पोट्ट्यावर इतका जीव की विचारू नका. थंडीत ते त्याला बंडीच्या आत, छातीशी घेऊन शेगडीपुढे बसत. वरून त्याचं फक्त डोकं दिसे. शेगडीत मी संत्र्याची सालं टाकायची, ती चरचरली की भाऊ हसायचा. बंडीचं वरचं बटण तो चघळत बसे, त्यामुळे त्याचा दोरा कायम ओला असायचा. त्याला बोलता येत नव्हतं, पण "हुहुहु" करता येत होतं. बाबा हात चोळत तसं करत, हा लगेच दोन्ही मुठी आवळून तसंच करी. आई म्हणे, "एक कमी होता, आता दोन झाले."

त्याच पौषात त्याची छाती भरली. वैद्यांचा लेप झाला, मग डॉक्टरांना टांग्यातून आणलं. बाबांनी आपली बंडी काढून त्याच्याभोवती गुंडाळली आणि त्याला रात्रंदिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही. संक्रांतीचे तीळ घरात आणून ठेवले होते, ते तसेच राहिले. संक्रांतीआधीच तो गेला.

इतक्या लहान जिवाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. आईने आतल्या खोलीत दार लावून त्याला न्हाऊ घातलं आणि नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळून बाहेर आणून बाबांच्या हातांवर दिलं. बायकांनी तिकडे जायचं नसतं. बाबा चार माणसांबरोबर नदीकडे गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. त्या दिवशी फार गारठा होता. बाबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढल्या साली दसरा आला, दिवाळी आली. बाबांनी कानटोपी मागितली नाही. मार्गशीर्ष लागला तरी अंगात सुती सदरा. सकाळी हंड्यातलं पाणी तसंच ठेवून ते विहिरीचं गार पाणी अंगावर घेत, मुकाट्याने. गोधडी पायाशी पडलेली असे. शेकोटीवर कोणी म्हणालं, "काय गा, औंदा तुमची थंडी कुठी गेली?" तर ते तिथून उठून चालते झाले. मग गल्लीत कोणी विचारलं नाही.

मी आपले माझे उपाय केले. त्यांच्या अंगणाकडच्या खिडकीचं दार मुद्दाम उघडं टाकलं, की निदान ओरडतील. ओरडले नाहीत. शेगडी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली, तर ते जागा बदलून बसले. ज्या बोलण्याला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्यातलं एक वाक्य ऐकायला मी तेव्हा काहीही दिलं असतं.

पौषात त्यांना खोकला झाला. भावाला झाला होता तसाच, आत ओढणारा. वैद्य म्हणाले, छाती सांभाळा, ऊब पाहिजे. बाबा हो म्हणाले आणि पुन्हा गार पाण्याने न्हाले. मला तेव्हा कळून चुकलं की हेही जाणार. मी देवाजवळ बसून रडले, पण आईला सांगायची हिंमत झाली नाही. तिला ते माझ्याआधी कळलं असणार.

एका संध्याकाळी आई शेगडी घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. मी दारातच होते.

"काहून जिवाले छळून राहिले जी?" ती म्हणाली. "या पोरीकडं तरी पहा."

बाबा बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "मी त्याले एका फडक्यात ठेवून आलो. असेच दिवस होते. मले आता पांघरून घेववत नाई."

वर्षभर ते मनात धरून बसले होते ते हे होतं.

आई जराही हलली नाही. म्हणाली, "तुमची बंडी कुठी हाय, विचारलं का कधी?"

बाबांनी वर पाहिलं.

"आतून बंडीत गुंडाळलं होतं मी त्याले. फडकं वरून होतं. पांढऱ्याशिवाय चालत नाई म्हनतात, म्हनून कोनाले बोलली नाई."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात हळूहळू शेगडीवर धरले.

"मोठी थंडी हाय बाप्पा औंदा," ते म्हणाले.

"दरसालच असते," आई म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. मी तिच्या मागे गेले, तर ती पदर तोंडात धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ऊन पाणी घेतलं. कानटोपी घातली. महिनाभरात खोकला गेला. शेकोटीवरही जाऊ लागले, तक्रारी करू लागले, मात्र "हुहुहु" त्यांनी परत कधी केलं नाही. नवी बंडी शिवू म्हटलं तर नको म्हणाले.

बाबा पुढे खूप जगले. आई त्यांच्या आधी गेली, वैशाखात. तिचे दिवस झाल्यावर मी तिची पेटी आवरायला बसले. लुगडी काढली आणि तळाशी कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात ती लाल फलालीनची बंडी होती. वरचं बटण दोऱ्याला लोंबत होतं.

म्हणजे तो एका कापडातच गेला होता, आणि ते आई एकटीच जाणून होती. बाबांना ऊब मिळावी म्हणून तिने ती सगळी थंडी आपल्याकडे ठेवून घेतली होती. बाबा दारातच बसले होते. मी घाईने बंडी लुगड्याखाली सारली.

"राहू दे वं," बाबा म्हणाले. "मले माहीत हाय."

मी लुगडं बाजूला करून बंडी पुन्हा बाहेर काढली.

"मीच नेलं न त्याले हातावर. बंडी असती त मले समजली नसती? फडक्यातून त्याचं आंग लागत होतं माह्या हाताले."

"मग त्या संध्याकाळी आईले काहून बोलले नाई, बाबा?"

"तिच्यापाशी द्यायले दुसरं काय होतं वं? मी नाई म्हनलो असतो त ती कुठी गेली असती?"

बाहेर लू चालली होती. वाळ्याचा पडदा केव्हाच सुकला होता आणि माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. बाबांनी हात पुढे केला, बंडी मांडीवर घेतली आणि ते लोंबणारं बटण चिमटीत धरून बसले.

"मोठी थंडी होती वं त्या दिवशी," ते म्हणाले.