बाबाचा गॅरेजमधला सॉस

हॉट डॉगवर घालायचा मटणाचा सॉस आमच्याकडे गॅरेजमध्ये व्हायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणारच नाही. आई मटण खात नाही, अंडंसुद्धा नाही. आणि बाबा पडला नागपूरचा. त्यामुळे लग्न झाल्या झाल्या दोघांचा तह झाला होता म्हणे: मटणाची भांडी वेगळी, गॅस वेगळा, जागा वेगळी. इंग्लंडात मिल्टन कीन्सला घर घेतल्यावर ती जागा म्हणजे गॅरेज. गाडी बिचारी कायम बाहेर पावसात आणि आत बाबाची कॅम्पिंगची शेगडी, एक मोठं पातेलं आणि झाकण वर उघडणारा तो लांबडा फ्रीझर.

माझ्या जन्माच्या आधी बाबा मिशिगनला एका प्रोजेक्टवर होता. एकटा, बर्फात. ऑफिससमोर हॉट डॉगचं एक छोटंसं दुकान होतं आणि तिकडची पद्धत अशी की सॉसेजवर एकदम बारीक, ओलसर असा मांसाचा सॉस ओततात, वर पिवळी मस्टर्ड आणि कच्चा कांदा. इकडे आल्यावर त्याने तोच सॉस लॅम्ब मिन्सचा, म्हणजे बारीक केलेल्या कच्च्या मटणाचा, करायला घेतला आणि त्यात आत्याने नागपूरहून पाठवलेला काळा मसाला ढकलला. तो धड मिशिगनचा राहिला नाही, धड नागपूरचा झाला नाही. आई त्याला ‘तुमचा लाल चिखल’ म्हणायची. मी मात्र वेडी होते त्याच्यासाठी. सिरियसली, आठवडाभर शाळेत मी शनिवारची वाट बघायचे ती त्या चिखलासाठी.

शनिवारी दुपारी किचन आणि गॅरेजच्या मधल्या दाराखाली आई टॉवेलची गुंडाळी लावायची, वास येऊ नये म्हणून. तरी यायचाच. मग तिची हाक, ‘अहो, दार ओढून घ्या.’ बाबा कधीच ‘हो’ म्हणायचा नाही. पातेल्याच्या काठावर डाव आपटायचा, टणटण. म्हणजे ऐकलं. दार ओढायचा नाही ते नाहीच. मला शेगडीच्या आसपास यायची बंदी होती, थेट खायलाच हाक यायची. त्यामुळे तो आत काय करतो ते मी कधी बघितलंच नाही. बघायला हवं असं वाटलंही नाही, तो होता ना.

बाबा गेला त्याला दोन हिवाळे झाले. ऑफिसला जाताना, राउंडअबाउटच्या जरा आधी. गाडी नीट बाजूला घेऊन, हॅझर्ड लाइट्स लावून मग गेला. मागच्या माणसाला वाटलं फोनवर बोलतोय.

मी आता नॉटिंगहॅमला नोकरी करते आणि वीकेंडला घरी येते. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट बघितली. शनिवारी दुपारी आईने जेवणाची भांडी आवरली, टॉवेलची गुंडाळी केली, खाली वाकली आणि ती त्या दाराखाली लावली. वास येणार कुठून? पुढच्या शनिवारी पण लावली. त्याच्या पुढच्या पण.

मग या वर्षी आईने ठरवलं की एवढं घर झेपत नाही, विकू आणि लहान फ्लॅट घेऊ. गॅरेज रिकामं करायचं माझ्याकडे आलं. बाबाचं फ्लीसचं जाकीट अजून खिळ्याला होतं, कोपर फुगलेलं, जणू आतमध्ये हात आहे. फ्रीझरच्या तळाला मटारच्या पिशव्यांखाली एक आइस्क्रीमचा डबा होता. आत लाल. त्याने केलेला शेवटचा सॉस. मी आईला हाक मारली, ती दारापर्यंत आली, बघितलं आणि म्हणाली, ‘खा नाहीतर टाक. मला विचारू नकोस.’

आता हा एवढा एक डबा संपला की ती चव जगातून गेली, हेच डोक्यात बसलं माझ्या. म्हणून ठरवलं, घर जायच्या आत मला तो सॉस जमलाच पाहिजे. मग डबा खाल्ला काय आणि टाकला काय, चालेल. आत्याकडून मसाला मागवला. तीच शेगडी, तेच पातेलं, तोच डाव. तेल तापवलं, कांदा लाल केला, आलं-लसूण, मसाला परतला, मिन्स टाकून मस्त भाजलं. आणि काय झालं? खिमा. छान खिमा, पण खिमा. दाणेदार, सुटा सुटा, पावाबरोबर खावा असा. पुढच्या वीकेंडला पाणी वाढवलं, ओला खिमा झाला. मग ब्लेंडरमध्ये फिरवला, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

शेवटी न राहवून डबा काढला. म्हटलं एकच चमचा, नुसतं तुलना करायला. वितळवला, गरम केला, फुंकर मारून तोंडात टाकला आणि काहीच नाही. बर्फाची चव. मीठ, आणि फ्रीझरचा तो पुठ्ठ्यासारखा वास. बाबा कधीच गेला होता त्यातून. मी उगाच इतके दिवस त्या डब्यावर पहारा देत होते.

मी तिथेच पेंटच्या डब्यावर बसून रडले, चांगलं आवाज करून. टॉवेल सरकल्याचा आवाज आला. दार उघडून आई उंबऱ्यावर उभी राहिली, पलीकडे पाय न टाकता, नेहमीसारखी.

मी म्हटलं, ‘आई, जमतच नाहीये. आणि तुला विचारून उपयोग नाही, तू तर कधी चाखला पण नाहीस.’

तिने शेगडीवरच्या पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘तुझं पातेलं चरचरतं.’

‘म्हणजे?’

‘त्यांचं कधी चरचरलं नाही. मी इथे भिंतीपलीकडेच असायचे की. आधी गॅरेजमधल्या नळाचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग नुसतं रटरट.’ थांबली आणि स्वतःच्या मानेवर हात ठेवला. ‘आणि मध्येच हात धुवून आत यायचे आणि मुद्दाम माझ्या मानेला लावायचे. बर्फासारखे गार. त्या मटणाच्या हातांनी शिवू नका म्हणून मी ओरडायचे.’

म्हणजे गार पाणी. कच्चं मिन्स गार पाण्यात हाताने कुस्करायचं, अगदी विरघळेपर्यंत, आणि मग पातेलं गॅसवर चढवायचं. भाजायचं नाही, तेल नाही, फोडणी नाही. तेल तापवल्याशिवाय स्वयंपाक सुरू होतो हे माझ्या डोक्यातच आलं नसतं कधी. आई ज्या भिंतीआड नाक दाबून उभी असायची, तिथून तिने सगळी रेसिपी ऐकून ठेवली होती.

आई आत वळली तशी मी पातेल्यात नळाचं पाणी घेतलं, मिन्स टाकलं आणि हात घातला. मार्चमधलं पाणी, बोटं बधिर झाली. गुठळ्या फुटत गेल्या, पाणी आधी गुलाबी, मग गढूळ. शेगडी लावली. गॅरेज इतकं शांत की फ्रीझरची घरघर ऐकू येत होती आणि माझ्या पाठीकडे ते फ्लीस. मी वळून बघितलं नाही, खरंच नाही बघवलं. मसाला, किसलेला कांदा, टोमॅटो प्यूरी, सगळं त्याच पाण्यात. हळूहळू रटरट सुरू झाली आणि मग वास आला. तो वास. मागून कुणी येऊन उभं राहावं तसा.

आणि भिंतीपलीकडून, एकदम साध्या, जराशा वैतागलेल्या आवाजात आईची हाक आली.

‘अहो, दार ओढून घ्या.’

मी तशीच उभी राहिले. वाटलं, आता तिला कळेल, आता ती काहीतरी बोलेल. किचनमधला नळ वाहत होता. ती थांबली होती, उत्तरासाठी.

मी डाव पातेल्याच्या काठावर आपटला. टणटण.

नळ बंद झाला. भांडी लावल्याचे आवाज सुरू झाले, कपाटाचं दार, चमच्यांचा खण. संध्याकाळी मी गॅरेजमध्येच उभी राहून हॉट डॉग खाल्ला. मीठ थोडं कमी पडलं होतं, बाकी तोच. डब्यातला जुना सॉस मी कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला आणि त्याचं मला काही वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

पुढच्या वीकेंडला आम्ही एक फ्लॅट बघायला गेलो. एकटीला पुरेल असा, तिसऱ्या मजल्यावर, छान उजेडाचा. आईने किचनकडे धड बघितलं पण नाही. ती सरळ बाल्कनीत गेली, दार लावून बघितलं, उघडून बघितलं, खालची फट बोटाने चाचपली. मग एजंटला विचारलं की इथे छोटी शेगडी ठेवता येईल का.

मी हळूच म्हटलं, ‘अगं, मी वीकेंडलाच येणार ना. तेवढ्यासाठी कशाला?’

आई अजून ती फटच बघत होती. म्हणाली, ‘त्यांना लागेल.’